रेल्वे सुधारली; आपला माल तिच्यात चढला का?



रेल्वेच्या सुधारणेचा विषय निघाला की वर्तमानपत्रात फोटो येतो तो चकचकीत, वेगवान प्रवासी गाडीचा. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. पण आपण शेतकरी माणसे. बाजारात बैल घेताना आपण त्याच्या शिंगांचा रंग पाहत नाही. खांदा पाहतो, खूर पाहतो, दात मोजतो. रेल्वेची सुधारणाही तशीच पारखून घ्यावी. गाडी किती वेगाने पळते हा एक प्रश्न झाला. आपल्या घराच्या दृष्टीने त्याहून मोठे प्रश्न दोन आहेत. पहिला, आपला माल वाटेत कुठेही न उतरता शेवटच्या बाजारापर्यंत जातो का? आणि दुसरा, आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याचा थोडा माल रेल्वे घेते का?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला परदेशी जायला नको. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर या आपल्याच मार्गाची शंभर वर्षांवरची हकिगत नीट समजून घेतली तरी देशभरच्या रेल्वेत काय बदलले, का बदलले आणि काय बदलायचे राहिले, हे सगळे कळते. पाण्याची आणि पिकाची कामे करता करता या पट्ट्यात माझे बरेच फिरणे झाले. तेथे जे दिसले आणि त्याविषयी जे वाचले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

बार्शी लाईटचा काळ

मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून जाते. त्या स्टेशनचे पूर्वीचे नावच ‘बार्शी रोड’. म्हणजे बार्शीला जायचे असेल तर येथे उतरा आणि पुढची वाट आपली आपण धरा! बार्शी ही तर धान्याची, कापसाची मोठी पेठ. पण मोठ्या रेल्वेपासून ती दहा-बारा कोस आत. बैलगाड्यांची रीघ लागायची आणि पावसाळ्यात काळ्या रानातून चाके निघायची नाहीत.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने येथे लहान मापाची, स्वस्तातली रेल्वे घालायचे मनावर घेतले. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, असा त्याचा नियम. भार हलका म्हणून रूळ हलके, पूल हलके आणि खर्चही हलका. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला पोचले, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सगळा मार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा झाला. लोक तिला ‘बार्शी लाईट’ म्हणत. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली.

या छोट्या गाडीला नावे ठेवू नयेत. तिने आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी पंढरपुरी पोचवले. लातूरची डाळ, बार्शीचे धान्य आणि सरकी तिनेच बाहेर काढली. त्या काळात मोठी रेल्वे घालण्याइतका पैसा कोणी या दुष्काळी मुलखात टाकला नसता. हातात पैसा बेताचा असेल तेव्हा लहान विहीर खोदून भागवणारा शेतकरी शहाणाच म्हणायचा. पण कुटुंब वाढले, बागायत वाढली की तीच विहीर अपुरी पडते. बार्शी लाईटचे तसेच झाले.

गोणी मधेच उतरायची

दोष गाडीच्या हळू चालण्यात फारसा नव्हता. खरा दोष होता तो मापात. लातूरहून निघालेली गोणी कुर्डुवाडीला आली की तेथे छोटे रूळ संपत आणि मोठे सुरू होत. छोटी वाघीण मोठ्या रुळांवर चालणार कशी? मग सगळा माल उतरायचा, धक्क्यावर मांडायचा आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचा. मोठी वाघीण हजर नसली की माल धक्क्यावर पडून. हमाली दोनदा. हमालाच्या हुकाने गोणी फाटायची, धान्य सांडायचे, पावसात भिजायचे. आणि वाटेत जितके हात लागतात तितका माल कमी होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा घोळ एकट्या बार्शी लाईटचा नव्हता. तो देशभर होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली ती साडेपाच फूट मापाच्या रुळांवर. हेच आजचे ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. पुढे १८७० नंतर इंग्रज सरकारने काटकसर म्हणून बऱ्याच ठिकाणी एक मीटर मापाचे रूळ घालायला सुरुवात केली. संस्थानिकांनी आणि खासगी कंपन्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आणखी लहान मापे निवडली. परिणाम असा झाला की १९५१ साली देशात सुमारे ५३,६०० किलोमीटर रेल्वेमार्ग होते, पण त्यांतला निम्म्याहून जास्त भाग मीटरगेज आणि नॅरोगेज होता.

मनमाड घ्या. मुंबईकडून येणारी रेल्वे ब्रॉडगेज आणि तेथून मराठवाड्याकडे जाणारी निजामाच्या काळातली रेल्वे मीटरगेज. मराठवाड्याचा कापूस आणि धान्य मनमाडला उतरवून पुन्हा भरावे लागे. मिरजेची तर आणखी मौज. पुणे ते मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, दक्षिणेकडचा मार्ग मीटरगेज राहिला आणि पंढरपूरकडून येणारी बार्शी लाईट नॅरोगेज. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ! पाहायला येणाऱ्याला गंमत वाटे. माल पाठवणाऱ्याला मात्र ती गंमत महागात पडे.

शेताच्या भाषेत सांगायचे तर ही अशी पाइपलाइन झाली, की विहिरीपाशी चार इंची नळी, मधे अडीच इंची आणि पुढे पुन्हा तीन इंची. मोटर कितीही ताकदीची बसवा. पाणी येणार ते मधल्या बारीक नळीतून येईल तेवढेच.

एकच माप आणि त्याचे फळ

१९९२ मध्ये रेल्वेने ठरवले की देशातले मुख्य मार्ग एकाच मापाचे, म्हणजे ब्रॉडगेज करायचे. त्या वेळी सी. के. जाफर शरीफ रेल्वेमंत्री होते. काम प्रचंड होते. नुसते रूळ सरकवून भागत नाही. पूल रुंद करावे लागतात, भराव वाढवावा लागतो, वळणे मोठी करावी लागतात, स्टेशनचे फलाट नव्याने बांधावे लागतात. मराठवाड्याचा मनमाडकडचा मार्ग नव्वदच्या दशकात बदलू लागला. बार्शी लाईटची पाळी उशिरा आली. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर हा भाग झाला. लातूर ते कुर्डुवाडी हे काम २००८ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी मार्गाला वळण देऊन तो धाराशिव शहरावरून नेला. पूर्वीची छोटी गाडी या जिल्ह्याच्या ठिकाणी जात नव्हती. पंढरपूर-मिरज भाग त्यानंतर पुरा झाला.

आता याचे फळ काय मिळाले ते पाहा. एप्रिल २०१६. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. पाण्यासाठी भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने आणायचे ठरले. राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत टाक्यांच्या वाघिणी साफ करून आणल्या. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेला पाच लाख लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे अडीचशे टँकर झाले. सुमारे ३४० किलोमीटरवरून अडीचशे टँकर रोज आणायचे म्हटले असते, तर डिझेल किती लागले असते आणि रस्त्याचे काय झाले असते, याचा हिशेब तुम्हीच करा.

लोकांनी त्या गाडीला ‘जलदूत’ म्हटले आणि ते योग्यच होते. पण फार थोड्यांच्या ध्यानात आले की हे पाणी ज्या मार्गाने आले तो जुन्या बार्शी लाईटचाच मार्ग. मिरज ते लातूर एकाच मापाचे रूळ नसते तर ती गाडी आलीच नसती. जुन्या रुळांवर एका आसाला पाच टन भार चाले. आजच्या ब्रॉडगेजवर सुमारे तेवीस टन चालतो. चार आसांची वाघीण धरली तर तेथे सगळे मिळून वीस टन आणि येथे नव्वदच्या पुढे. आठ वर्षांपूर्वी केलेले रुळांचे काम लातूरच्या दुष्काळात असे कामाला आले. सुधारणा म्हणतात ती ही.

नाण्याची दुसरी बाजू

मात्र सुधारणा फुकट होत नाही. मापबदलाच्या वेळी त्या त्या भागातली गाडी कितीतरी महिने बंद राहिली. छोटी गाडी लहानसहान गावांना थांबायची. दुधाची किटली, भाजीची पाटी घेऊन बाया चढायच्या. नव्या मार्गावर वेग वाढला, तसे लहान थांब्यांचे महत्त्व घटले. येडशीसारख्या जुन्या स्टेशनच्या गावांना आपला मान गेल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही.

फाटकांचेही तसेच. ब्रॉडगेजवरची विनागेटमनची सर्व फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद करण्यात आली. हे काम फार चांगले झाले. अशा फाटकांवर गाडीखाली सापडून किती माणसे आणि बैल गेले, त्याची आठवण खेड्यापाड्यांत अजून ताजी आहे. पण फाटकाच्या जागी कित्येक ठिकाणी रुळाखालून भुयारी वाट आली. पावसाळ्यात तिच्यात कमरेइतके पाणी साचते. उसाने भरलेली ट्रॉली तिच्यातून निघत नाही आणि कडब्याची गाडी वर अडते. अशा वाटेचा आराखडा होत असतानाच ग्रामपंचायतीने ठराव करून उंची, रुंदी आणि पाण्याचा निचरा यांविषयी लेखी मागणी करावी. काँक्रीट पडल्यावर केलेली तक्रार म्हणजे पेरणी झाल्यावर केलेली बीजप्रक्रिया.

दुसरा प्रश्न: थोडा माल कोण घेणार?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. रूळ एका मापाचे झाले, इंजिने विजेची झाली, वाघिणी मोठ्या झाल्या. तरी तुमच्या गावातून डाळिंब, कांदा किंवा द्राक्ष घेऊन निघालेली गाडी बहुधा ट्रकच असते. असे का?

पूर्वी मालधक्क्यावर पाच-दहा गोणीसुद्धा घेत. एक वाघीण भरेल एवढा माल असला तर वाघीण मिळे. पण अशा सुट्या वाघिणी वाटेतल्या मोठ्या यार्डांत सोडायच्या, वेगवेगळ्या गाड्यांना जोडायच्या, पुन्हा सोडायच्या. या जोडाजोडीत दिवसच्या दिवस जात. वाघीण कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसे. १९८० च्या सुमारास रेल्वे अगदी अडचणीत आली. वीजकेंद्रांना कोळसा वेळेवर पोचेना. तेव्हा रेल्वे मंडळाचे अध्यक्ष एम. एस. गुजराल यांच्या काळात नवी रीत रुजली: पूर्ण गाडी एका ठिकाणी भरायची, मधे कुठे न तोडता थेट दुसऱ्या ठिकाणी न्यायची आणि तेथेच रिकामी करायची. यालाच आपण ‘रेक’ म्हणतो. खताच्या हंगामात ‘रेक लागली का?’ असे आपण विचारतो ते हेच.

रेल्वेच्या दृष्टीने ही सुधारणा फार मोठी होती. त्याच वाघिणींतून जास्त माल जाऊ लागला. कोळसा, लोखंड, सिमेंट, खत, सरकारी धान्य यांची सोय झाली. पण आपल्या घरचा हिशेब मांडून पाहा. एक रेक म्हणजे अडीच हजार टनांच्या आसपास माल. युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या धरल्या तर पंचावन्न हजारांवर भरतात. कांद्याचे एकरी दहा टन उत्पन्न धरले तर एक रेक भरायला अडीचशे एकरांचा कांदा एकाच दिवशी धक्क्यावर यायला हवा! एकट्या शेतकऱ्याच्या हातची ही गोष्ट आहे का? म्हणजे ज्या सुधारणेने तुमचे खत वेळेवर आले, तिनेच तुमच्या कांद्याला दार बंद केले. मुद्दाम कोणी केले नाही. पण झाले तसे.

दुसरी अडचण वेळेची. प्रवासी गाड्या आणि मालगाड्या एकाच रुळांवरून धावतात. प्रवासी गाडी आली की मालगाडी बाजूला उभी. त्यामुळे मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला. कोळशाला दोन दिवस उशीर झाला तर तो सडत नाही. द्राक्षाला दोन दिवस म्हणजे सगळा हंगाम. मग शेतकरी ट्रककडे वळला, व्यापारीही वळला. १९५०-५१ साली देशातल्या मालवाहतुकीपैकी सुमारे ८९ टक्के वाहतूक रेल्वे करत होती; तो वाटा उतरत उतरत तीस टक्क्यांच्या आसपास आला.

मालगाड्यांसाठी वेगळे रूळ घालायचे काम याच कारणाने हाती घेतले. त्यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली. पूर्वेचा मार्ग पंजाबातील लुधियानापासून बिहारमधील सोननगरपर्यंत, सुमारे १,३३७ किलोमीटरचा. आणि पश्चिमेचा दिल्लीजवळच्या दादरीपासून आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत, सुमारे १,५०० किलोमीटरचा. मालगाड्या वेगळ्या निघाल्या की जुन्या रुळांवरही जागा मोकळी होते. पण एवढ्याने आपला दुसरा प्रश्न सुटत नाही. रस्ता मोकळा झाला तरी गाडीत बसायला जागा मिळाली पाहिजे.

किसान रेलने काय शिकवले

ती जागा काही काळ मिळाली होती. २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान रेलची घोषणा झाली आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली गाडी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली. अंतर सुमारे १,५०० किलोमीटर. सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला पोचायची असे तिचे वेळापत्रक, म्हणजे बत्तीस तासांच्या आत! पुढे ती मुझफ्फरपूरपर्यंत गेली. त्याच वर्षी वरूड भागातील संत्री दिल्लीला गेली. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल निघाली ती सांगोल्याहून, कोलकात्याजवळच्या शालिमारला. डाळिंब, द्राक्षे, संत्री, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, शेवगा, कांदा असा नाना प्रकारचा माल तिच्यासाठी ठरला होता.

सांगोले कोठे आहे हे आठवा. पंढरपूर-मिरज मार्गावर, त्याच जुन्या बार्शी लाईटवर. पावसाने कायम डोळे वटारलेल्या या तालुक्याचे डाळिंब बंगालच्या बाजारात रेल्वेने, मधे न उतरता गेले. पहिला प्रश्न सुटला म्हणून हे होऊ शकले.

आणि दुसराही त्या गाडीपुरता सुटला होता. या गाडीला वेळापत्रक होते. वाटेतल्या थांब्यांवर माल चढवता-उतरवता येत असे. सर्वांत महत्त्वाचे, माल किती असावा याची अट नव्हती. पाच कॅरेट आणा की पाचशे आणा. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून फळे आणि भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत लागू झाली. जानेवारी २०२३ अखेरपर्यंत अशा २,३५९ फेऱ्या झाल्या आणि सुमारे ७ लाख ९० हजार टन माल गेला.

मग पुढे काय झाले? २०२२ नंतर या गाड्यांचा पूर्वीचा जोर राहिला नाही. टाळेबंदीच्या काळात थांबलेले ट्रक पुन्हा पूर्ण जोमाने धावू लागले आणि सवलतीचा पहिला काळही सरला. कारणे अनेक असतील. पण आपण यातून एक धडा घ्यावा. केवळ सवलतीवर उभी राहिलेली सोय सवलतीबरोबर डळमळते. जी सोय रोजच्या मालावर उभी असते ती टिकते. जळगाव जिल्ह्यातील रावेर-सावदा भाग पाहा. तेथील केळी कितीतरी वर्षांपासून रेल्वेने दिल्लीकडे जात आली आहे, कारण तेथे केळी उत्पादकांनी एकत्र येऊन माल गोळा करायची, डबे मागवायची आणि ते भरून द्यायची सवय लावून घेतली. गाडी कोणाच्या कृपेने येत नाही. ठरल्या दिवशी ठरलेला माल हजर असतो म्हणून येते.

हेही ध्यानात घ्या की रेल्वेला तिचा स्वतःचा प्रपंच आहे. तिच्या कमाईचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. प्रवासी भाडे कमी ठेवले जाते आणि त्याची भरपाई मालावर होते. आपली मुले थोड्या पैशांत कॉलेजला जातात, आपण वारीला जातो, त्यातला काही भार कोळसा आणि सिमेंट उचलत असते. १९२४ पासून चालत आलेला रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ मध्ये देशाच्या मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. तेव्हा ‘आमच्यासाठी गाडी सोडा’ एवढीच मागणी पुरेशी नाही. ‘आमचा एवढा माल, या दिवशी, या स्टेशनवर तयार असतो’ असे जो सांगेल त्याचे म्हणणे लवकर ऐकले जाईल.

आपण काय करावे?

आता थोडे कामाचे बोलू.

१. एकट्याने जाऊ नका. पार्सलच्या एका मोठ्या डब्यात साधारण २३ टन माल बसतो. वीस किलोचे कॅरेट धरले तर साडेअकराशे कॅरेट. एका गावाला हे जड जाईल, पण तीन-चार गावांच्या गटाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला मुळीच जड नाही. तोडणीच्या तारखा आपसांत ठरवून घ्या.

२. अंतर पाहून निर्णय घ्या. दोन-चारशे किलोमीटरच्या आतल्या बाजाराला बहुधा ट्रकच परवडतो, कारण तो बांधावरून थेट आडत्याच्या दारात जातो. हजार-दीड हजार किलोमीटरच्या बाजाराला रेल्वेचा विचार जरूर करावा.

३. नुसत्या भाड्याची तुलना करू नका. वहीत दोन रकाने आखा. रेल्वेच्या रकान्यात शेत ते स्टेशन वाहतूक, भरायची हमाली, भाडे, उतरायची हमाली, स्टेशन ते बाजार वाहतूक आणि खराबी लिहा. ट्रकच्या रकान्यात भाडे, वाटखर्च आणि खराबी लिहा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडे ही वही सोपवा. दोन हंगामांत तुमच्या हातात असे आकडे येतील की जे कोणत्याही साहेबापुढे ठेवता येतील.

४. माल रेल्वेच्या प्रवासाला साजेसा तयार करा. डाळिंब सकाळच्या थंड वेळी तोडावे, सावलीत ठेवावे, प्रतवारी करून कॅरेटमध्ये कागद घालून भरावे. कांदा पुरता सुकवलेला असावा. ओला कांदा डब्यात कोंडला की गरम होतो. पिकायला लागलेली केळी फ्लॉवर किंवा पालेभाजीशेजारी ठेवू नये. केळीतून निघणाऱ्या वायूने पाला पिवळा पडतो.

५. कागद सांभाळा. माल देताना रेल्वेची पावती घ्या आणि नगांची संख्या नीट तपासा. मालाची किंमत आधी जाहीर करून ठरलेला जादा आकार भरला नसेल, तर नुकसानीच्या भरपाईला मर्यादा येते. नुकसान झालेच, तर माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी दावा दाखल करावा लागतो. तोंडी तक्रारीला कायद्यात किंमत नाही.

६. मागणी नेमकी करा. वेगवान गाडीचा थांबा आपल्या स्टेशनला मिळावा म्हणून आपण मोर्चे काढतो. ते काढावेत. पण त्याच अर्जात आणखी तीन ओळी घाला: मालधक्क्यावर पत्र्याची शेड असावी, धक्क्यापर्यंतचा रस्ता पक्का असावा आणि हंगामात ठरलेल्या वाराला कमी मालही घेणारा डबा मिळावा. कांद्याला ऊन-पावसापासून वाचवणारी शेड, ही चकचकीत स्टेशनपेक्षा आपल्याला अधिक मोलाची आहे.

बंधू-भगिनींनो, बार्शी लाईट ते आजची विजेवरची मालगाडी हा प्रवास छोटा नाही. रुळांची मापे एक करायला देशाने अफाट पैसा आणि कष्ट खर्च केले. ती मापे एक झाली म्हणून दुष्काळात लातूरला पाणी आले आणि सांगोल्याचे डाळिंब बंगालला गेले. लोखंडी रुळांचे माप सरकारने जुळवले. आता माणसांचे माप जुळवायचे काम आपले आहे. माझा माल वेगळा, तुझा माल वेगळा, असे प्रत्येकाने आपापले रूळ घातले तर आपणही जुन्या मिरज स्टेशनासारखे तीन मापांत अडकून पडू. पुढच्या ग्रामसभेत किंवा गटाच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या जवळचा मालधक्का कोणता, तेथे काय सोय आहे, आपल्या पाच गावांतून कोणत्या महिन्यात किती माल निघतो, एवढे जरी एका कागदावर लिहिलेत तरी सुरुवात झाली म्हणून समजा.